पिक्चरचं हळदीकुंकू

माझ्या आत्तेसासूबाईंना लाज नव्हती. हे मी निंदेने म्हणत नाही. एखाद्याला डावं-उजवं कळत नाही, एखाद्याच्या अंगाला लोकर सोसत नाही, तसं म्हणते. देवाने मुलुंड पूर्वेला लाज वाटायला काढली तेव्हा त्या बहुतेक कुठलं तरी पिक्चर बघायला गेल्या असाव्यात, आणि त्यांच्या वाटणीची सगळी लाज त्याने समोरच्या दारात, म्हणजे माझ्या पदरात टाकली. माझ्याकडे ती आधीच भरपूर होती. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. वडील गिरणीत, आई घाटकोपरच्या चाळीत डबे करून देणारी, दोघंही मालवणकडची. मी बी.कॉम. झाले, बँकेत लागले आणि ज्यांच्याकडे आजोबांपासून घरात पेपर येतो अशा माणसांत सून म्हणून आले. मला वाटलं होतं, आता चार लोकांत मान खाली घालायचं संपलं. चाळीत आम्हाला लाज आणायला कोणाला फुरसत नव्हती. इथे त्या कामासाठी आत्याबाई निवृत्त होऊन बसल्या होत्या.

निवृत्त झाल्या त्या टेलिफोन एक्स्चेंजमधून. लग्न केलं नव्हतं. 'ते करायचं राहिलं,' असं त्या म्हणत, जसं आपण गाद्यांना ऊन दाखवायचं राहिलं म्हणतो. उभा जन्म लोकांचे ट्रंककॉल जोडण्यात गेल्यामुळे समोरचा माणूस नागपूरला उभा आहे असं धरूनच त्या बोलत. थिएटरात त्या माझ्या कानात काही सांगायला लागल्या की बाल्कनीतली माणसं वाकून बघत, आणि आम्ही बसलेल्या असायचो खाली. पिक्चरचं वेड असं की फिल्म सोसायटीत पोलंडचं, हंगेरीचं, जपानचं, कुठलंही लागलं तरी पाचवारी पातळ, थर्मास आणि चिवड्याचा डबा घेऊन त्या हजर. खाली इंग्रजी अक्षरं यायची ती त्या वाचत नसत. 'वाचायचंच असतं तर घरी पेपर होता की,' म्हणायच्या. पहिली पंधरा मिनिटं त्या नेमाने झोपत, मग ताठ बसून शेवटपर्यंत बघत, आणि बाहेर पडताना मला त्या झोपेतल्या भागाचीसुद्धा गोष्ट सांगत. ती बहुतेक वेळा मूळ पिक्चरपेक्षा बरी असे.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी त्यांना हौशी म्हटलं असतं. पण एकदा फिल्म सोसायटीचा खेळ संपला, दिवे लागले, तरी एक मुलगा खुर्चीवरून उठेना. आत्याबाईंनी जाऊन विचारलं. मुलगा घाटकोपरचा, हौसेने छोटी पिक्चरं काढणारा. त्याचं कोणावर प्रेम आहे ते घरात कळलं होतं, आणि तो कोणी मुलगाच होता हेही कळलं होतं. वडिलांनी बॅग गॅलरीत ठेवली होती. आत्याबाई म्हणाल्या, 'बरं, पण पिठलं चालतं ना?' तो त्यांच्या बाहेरच्या खोलीत राहिला तो अंधेरीला एडिटिंगच्या स्टुडिओत काम मिळेपर्यंत. त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसरीला, आणि आमच्या समोरच्या, आत्याबाईंच्या दाराशी अनोळखी चपला दिसायला लागल्या. तेव्हा त्या मुलांसाठी आमच्याकडे धड शब्द नव्हता. होते ते शिवीसारखे, आणि एक इंग्रजी, तो मी बँकेत डबा खाताना कुजबुजीत ऐकलेला. मी आपली 'तसली मुलं' म्हणायची. आत्याबाई 'माझी मुलं' म्हणायच्या. एकदा मी धीर करून विचारलं, 'पिक्चर काढणारी साधी मुलंही असतात ना, त्यांना का नाही मदत करत?' त्या म्हणाल्या, 'त्यांना त्यांचे आईबाप आहेत. पिक्चर काढायचं म्हटलं की कुठल्याही पोराला घरातून मार पडतो. ह्यांना आधीच एक मार पडलेला असतो, त्यावर हा दुसरा. म्हणून मी एवढीच घेते. माझं घर केवढं.'

घर लहान होतं म्हणून त्यांनी सगळं मुलुंड वापरायला काढलं. एखाद्याकडे काही आहे आणि आपल्या मुलांना ते हवं आहे, या दोन गोष्टींच्या मध्ये संकोच नावाची काही वस्तू असते हे त्यांना माहीतच नव्हतं. शिंप्याकडून चिंध्या, शाळेकडून बाकं, डॉक्टरांकडून दवाखाना, तोही पेशंट बसलेले असताना. ह्यांच्या चुलतभावाच्या लग्नात आमचे एक लांबचे काका त्या घाटकोपरच्या मुलाला हेरून पत्रिका विचारायला लागले. मी दुसरीकडे बघायला लागले. मुलगा आत्याबाईंकडे बघून हसला. त्यांनी त्याला नजरेने विचारलं, त्याने खांदे उडवले, आणि मांडवातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, 'काका, ह्याला मुलगी नको, ह्याला लाइट हवेत. तुमचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे ना?' काकांनी घाबरून तीन दिवे दिले. माझी जिलबी पानात तशीच राहिली. हे शेजारच्या पानावर बसून शांतपणे मठ्ठा पीत होते. आमच्या ह्यांचं धोरण लहानपणापासून एकच: आत्या काही करायला लागली की पेपर वर करायचा, पेपर नसेल तर वाटी.

आणखी एकदा बँकेतून घरी येताना माझ्यासोबत आमचे मॅनेजर होते. स्टेशनाबाहेर भाजीवाल्याची हातगाडी रिकामी करून तिच्यावर एक मुलगा कॅमेरा घेऊन पालथा पडला होता आणि आत्याबाई त्याचे पाय धरून बसल्या होत्या. त्याला म्हणे चालता शॉट हवा होता. मी साडीचा पदर डोक्यावर घ्यायच्या विचारात होते, तेवढ्यात नागपूरपर्यंतची हाक आली. 'सूनबाई, पर्स कोपराला अडकव आणि मागून ढकल. सरळ गं, शॉट हलेल.' मी ढकलायला लागले. मॅनेजर म्हणाले, 'तुमच्या घरच्या का?' उत्तर द्यायची वेळ आली नाही, कारण तोवर आत्याबाईंनी त्यांनाही डाव्या चाकाला लावलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्यांच्या केबिनमध्ये जायचं टाळलं. शेवटी त्यांनीच एकदा फाइल बघता बघता विचारलं, 'तो शॉट हलला तर नाही ना?'

मुलांचे मात्र त्या लाड करत नसत. पिक्चर आवडलं नाही तर सरळ सांगत. एकाने आपल्या दुःखावर पिक्चर काढलं, त्यात तो गच्चीवर बसून खाडीकडे बघतो, आणि बघतो, आणि बघतच राहतो. आत्याबाई म्हणाल्या, 'बाळा, दुःख आहे ते कळलं. फोकस का नाही?' तो रडला. त्यांनी त्याला वरणभात वाढला आणि जेवताना परत विचारलं, 'पण फोकस का नाही?' आज तो चांगला कॅमेरामन आहे असं ऐकते.

आता हळदीकुंकवाचं. संक्रांतीनंतर आमच्याकडे दरवर्षी मोठं हळदीकुंकू होई, आणि ते आत्याबाईंच्या डोक्यातून निघालेलं. त्यांचं म्हणणं, बायका संध्याकाळच्या वेळी, नटूनथटून, काही कामाशिवाय एका जागी बसलेल्या सापडतात त्या एवढ्या एकाच प्रसंगी; असा प्रेक्षक सोडायचा म्हणजे पाप. त्यांचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं, सवाष्णींना हळदीकुंकू लावणार कोण, तर मी. बोलावणं माझ्या नावाने, खोली आमची, टीव्ही आमचा, व्हीसीआर भाड्याने, आणि पिक्चर त्यांच्या मुलांचं. पिक्चर संपल्याशिवाय वाण मिळत नसे. वाणही त्यांनी लावून दिलेलं. एका वर्षी अंधेरीच्या लॅबमधून फिल्मचे रिकामे गोल डबे आणले, घासून लखलखीत केले, आणि अजून आमच्या सोसायटीतल्या निम्म्या घरांत पोळ्या त्या डब्यांत राहतात. पिक्चरं तोपर्यंत तशी निरुपद्रवी होती. भांडुपची मिठागरं आणि त्यावरचे बगळे असं एक होतं. बायका तिळगूळ खात बगळे बघत आणि बगळे संपले की हात पुढे करत. मला वाटायचं, हे एवढंच असेल तर निभेल.

मग वीणा आली. वीणा दहिसरची, नदीच्या कडेच्या चाळीतली, लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एका दुकानात कामाला. मुहूर्त नसलेल्या दिवशी कॅमेरा रिकामा असे, तेव्हा मालकाच्या परवानगीने आणि आत्याबाईंच्या मदतीने तिने स्वतःचं पिक्चर काढलं, दुकानातलेच दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून ते कापलं-चिकटवलं. दोन मुली, भाड्याची एक खोली, एकीचं लग्न ठरलेलं, आणि दोघींचा त्या खोलीतला शेवटचा दिवस. मागे राहणाऱ्या मुलीचं काम वीणाने स्वतःच केलं होतं, कारण दुसरी कोणी तयार झाली नाही. निघून जाणारीचं काम केलं होतं तिच्या मैत्रिणीने. ती मैत्रीण म्हणजे कोण, हे आत्याबाईंनी विचारलं नाही आणि वीणानेही सांगितलं नाही. पण त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे वीणालाही कळलं होतं.

ते पिक्चर कोणी लावून घेईना. एका फिल्म सोसायटीने कॅसेट न बघता परत केली, दुसरीने बघून. दुसरीचे चिटणीस चांगले सुशिक्षित गृहस्थ, म्हणाले, 'काढलंय छान, पण आमच्या सभासदांत कुटुंबं आहेत हो.' वीणाच्या घरी तिच्यासाठीही स्थळ बघत होते, वैशाखात उरकायचं म्हणत होते. आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून ती आत्याबाईंना म्हणाली, 'आत्या, एकदा लोकांनी बघू दे. आपली वाटणारी नाही, अशीच, रस्त्यावरची माणसं. कोणाला काहीच वाटलं नाही ना, तर समजेन मला जमत नाही. कॅमेरा सोडते आणि आई म्हणते तिथे उभी राहते. मग वाट लागली तर लागली.' आत्याबाईंनी चहा ओतला. म्हणाल्या, 'कुटुंबं आहेत म्हणाला ना तो? मग मी कुटुंबंच आणते.' मी मटार सोलत होते. माझ्या हातातला दाणा खाली पडला.

त्या वर्षी बायका नेहमीपेक्षा जास्त आल्या. घाटकोपरहून माझी आई आली होती, नवीन साडी नेसून, मुलीच्या घरचा थाट बघायला. तळमजल्यावरच्या कर्णिकबाई, महिला मंडळाच्या अध्यक्षा, सोफ्याच्या मधोमध. पुरुषांना त्या दिवशी बाहेर घालवत असू, त्यामुळे हे पेपर घेऊन गच्चीवर. वीणा स्वयंपाकघरात, कोणाला दिसू नये अशी, तिळाच्या वड्या कापत बसलेली. आत्याबाईंनी बटण दाबलं, आणि पहिलं चित्र आलं ते माझ्या चादरीचं.

ते सांगायचं राहिलं. आमच्या घराची एक किल्ली आत्याबाईंकडे असे, दूधवाल्यासाठी. मी बँकेत असताना माझ्या झोपायच्या खोलीत अख्खं पिक्चर निघालं होतं. मला फक्त एवढंच जाणवायचं की संध्याकाळी कुकर त्याच्या जागेवर नसे आणि उशीला खोबरेल तेलाचा वास येई. ह्यांना विचारलं तर पेपर वर. आता ते सगळं टीव्हीवर होतं आणि महिला मंडळ बघत होतं. 'अगं, ही चादर तुझीच ना, सुनंदा?' कर्णिकबाई म्हणाल्या. मागून कोणी म्हणालं, 'पडदेसुद्धा.' 'कुकर बघ, ती शिट्टी आमच्याकडे खालपर्यंत ऐकू येते.' आणि आई, चारचौघीत, अभिमानाने: 'ही चादर मी दिलेली.' एखादी बाई परकर वाळत घालताना दिसली तरी मला ओशाळायला होतं, आणि इथे माझ्या उशा, माझी कपाटावरची बॅग, दाराआड लटकवलेला माझा गाऊन, सगळं उघडं पडलेलं. मी तबक घट्ट धरून उभी राहिले. जमीन दुभंगली तर वड्यांसकट आत जायची माझी तयारी होती.

पण हळूहळू बायका गप्प झाल्या. पिक्चरमध्ये बोलणं जवळजवळ नव्हतंच. एक मुलगी बॅग भरते, दुसरी कुकर लावते. दोघी एका ताटात जेवतात. मग मागे राहणारी तिच्या केसांना तेल लावते, विंचरते, भांग पाडते, आणि भांगावर ओठ टेकवते, आणि तशीच थांबते. बराच वेळ थांबते. मग रिकामी खोली, आणि एकच गादी. संपलं. मी वर बघितलं तर बायका डोळे पुसत होत्या. आईचा पदर ओला होता. कर्णिकबाईंनी नाक शिंकरलं आणि म्हणाल्या, 'मी सासरी जाताना माझ्या धाकटीनेपण असेच माझे केस विंचरलेले. बहिणीबहिणींचं असतंच हो असं.' 'दोघीच बहिणी असतील बिचाऱ्या,' दुसरी म्हणाली. 'आईबाप नसतील.' सगळ्यांना ते पटलं. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. सुटलो. रडल्या, बहिणी म्हणून रडल्या, आता वाण देऊन पाठवायचं.

स्वयंपाकघराच्या दारात वीणा उभी होती. कशी दिसत होती ते सांगता येत नाही. एखाद्याने आपलं नाव पुकारावं आणि आपण उठल्यावर तो दुसऱ्याच कोणाला हात करत असावा, तसा तिचा चेहरा झाला होता. 'आत्या,' ती हळूच म्हणाली, 'त्यांना कळलंच नाही.'

आत्याबाईंनी तिच्याकडे बघितलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना खरोखर हळू आवाजात बोलताना ऐकलं. 'सांगू?'

वीणाने मान हलवली, हो म्हणून.

मी मध्ये पडले. 'नका ना सांगू. रडल्यात ना बायका? आणखी काय पाहिजे?'

'चुकीचा नंबर लागलाय, सूनबाई,' त्या म्हणाल्या. 'चुकीच्या नंबरावर माणूस कितीही गोड बोलला, तरी कॉल लागला असं नाही म्हणत.' आणि वळून, नेहमीच्या आवाजात: 'बायांनो, ऐका. बहिणी नाहीत हं त्या. नवराबायकोत असतं ना, तसं प्रेम आहे दोघींचं. असावं तसं, म्हणजे. सगळ्यांच्यात असतंच असं नाही.'

मग कर्णिकबाईंना आठवण झाली की गॅसवर दूध ठेवून आलोय. त्या उठल्या तशी शेजारचीला आठवण झाली, तिच्या मागे तिसरीला. मुलुंडमधलं सगळं दूध त्या संध्याकाळी एकदम गॅसवर होतं. मी दारात तबक घेऊन प्रत्येकीला हळदीकुंकू लावत होते. कर्णिकबाईंनी वाण पिशवीत नीट ठेवलं, आणि मला म्हणाल्या, 'सुनंदा, बाकीच्यांचं सोड. तू शिकलेली. पदवीधर. तुझ्या घरात हे?' माझ्या पदवीला कोणी हात घातला की मी एरवी समोरच्याला सोडत नाही. तेव्हा मला एवढंच सुचलं, 'दूध उतू जाईल.' ते मी धीराने म्हटलं की घाबरून, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

मागे वळले तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि उरलेल्या बायका एकमेकींकडे न बघता वड्या खात होत्या. आता आई उठेल, माझ्याकडे बघेल, आणि घाटकोपरला जाऊन कोणाला काय सांगेल, याचा मी हिशेब करायला लागले. आई उठली नाही. चिडली मात्र होती. आत्याबाईंना म्हणाली, 'विहीणबाई, मगे ह्या आदी नाय सांगूचा? मी बहिणी म्हणान रडलंय. माझा रडणा फुकट गेला. परत लावा बघया. आता बघूया रडाक येता काय ता.'

कॅसेट मागे फिरवावी लागली. व्हीसीआर घरघरत होता. मग पुन्हा माझी चादर आली. या वेळी चादरीचं कोणी नाव काढलं नाही. तीच बॅग, तोच कुकर, तेच एक ताट. पण मघाशी जिथे बायका सुस्कारे टाकत होत्या तिथे आता कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं. मी दाराशी उभी राहून माझीच खोली बघत होते. रोज सकाळी घाईने अंथरूण आवरून बँकेत पळायची ती जागा. तिथे कोणाचा तरी एवढा जीव गुंतला होता, आणि मला त्या खोलीत आजवर फक्त जळमटं दिसली होती. ओठ भांगावर टेकले आणि तसेच राहिले तेव्हा मला पहिल्यांदा दुसऱ्याच गोष्टीची लाज वाटली. चादरीची नव्हे.

पिक्चर संपलं. आईचे डोळे कोरडे होते. आत्याबाईंनी विचारलं, 'काय हो विहीणबाई?'

'नाय,' आई म्हणाली. 'आता रडाक नाय इला. राग इलो.'

'कोणाचो?' आत्याबाईंनी तिच्याच बोलीत विचारलं.

'सगळ्यांचोच. त्या पोरीन बॅग भरल्यान, आणि कोणी एकान तिका इचारल्यान नाय, तुका जावचा आसा काय म्हणान.' मग दारातल्या वीणाकडे तिचं लक्ष गेलं. चेहरा ओळखून तिने तिला जवळ बोलावलं. 'तू तरी इचारलंस काय गो तिका?'

वीणा म्हणाली, 'विचारलं, मावशी.'

'मगे?'

'म्हणाली, पाठच्या बहिणी आहेत. त्यांची लग्नं व्हायचीत.'

आई म्हणाली, 'जेवून जा.' आणि मला, 'चादरीर तेलाचो डाग पडलो हा. सोडा लावून धुव.' वीणा तिच्या पायाशी जमिनीवरच बसली. आत्याबाईंना म्हणाली, 'मलापण रागच आला होता ना तेव्हा. मला वाटलेलं, तो पिक्चरमध्ये आलाच नाही.' मागे राहिलेल्या बायकांपैकी एकीने विचारलं, केस विंचरताना तो उजेड असा कसा पडला, आरसा धरला होता का. वीणा डोळे पुसत पुसत तिला आरसा कसा धरायचा ते दाखवायला लागली. ती तशी बोलताना मी आधी कधी बघितली नव्हती. हात हलवून, भरभर, समोरचीला मध्ये बोलू न देता.

वैशाख आला आणि गेला, वीणाचं लग्न झालं नाही. घरी तिने काय सांगितलं ते मी विचारलं नाही. लग्न झालं ते तिच्या त्या मैत्रिणीचं, बोरिवलीच्या हॉलमध्ये. व्हिडिओची ऑर्डर वीणाच्या दुकानाला होती, मालकाने दुसऱ्या कोणाला पाठवतो म्हटलं, पण वीणाने स्वतःच काढला. त्या दिवशी तिच्यासोबत लाइट धरायला आत्याबाई गेल्या होत्या. सकाळपासून दुपारपर्यंत, त्या वयात, हात वर करून. आल्यावर त्यांनी खांद्याला बाम चोळून घेतला आणि त्या लग्नाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्याकडून न बोलणं ऐकलेलं मला तेवढं एकदाच आठवतं.

कर्णिकबाईंनी नंतरची दोन वर्षं मला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. माझ्याकडे येणाऱ्याही कमी झाल्या. आत्याबाई म्हणायच्या, 'कमी बऱ्या. मागच्यांना दिसतं तरी.' पण त्याच सुमाराला त्यांचं स्वतःचं दिसणं कमी व्हायला लागलं. आधी त्यांनी टीव्हीवर ठपका ठेवला, मग व्हीसीआरवर, मग मुलांच्या फोकसवर. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, आणि जे गेलं ते परत यायचं नाही असंही. मुलं कॅसेट आणायची थांबली नाहीत. आत्याबाई टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसत, आणि मला शेजारी बसवून म्हणत, 'हं, सांग. काय चाललंय?'

ह्यांना सांगता येत नसे. हे 'काही नाही, दोघं बसलेत' एवढंच म्हणत. तेव्हा ते माझ्याकडे आलं. बँकेत मला अहवाल वाचून दाखवायची सवय होती, आवाज खणखणीत, पण हे वाचून दाखवणं निराळं. वीणाचं दुसरं पिक्चर आलं तेव्हा ती स्वतः समोर जमिनीवर बसलेली, गुडघ्यांवर हनुवटी टेकून. तोवर तिला अंधेरीला चांगलं काम लागलं होतं, केस कापले होते. पिक्चरमध्ये चौपाटीच्या कठड्यावर दोघं बसलेले होते. मी म्हटलं, 'दोघं आहेत.'

'कोण दोघं?'

'दोघं... पुरुष.'

'वयाने?'

'एक तरुण आहे. एकाचे केस पिकलेत. बोलत नाहीयेत.'

'आणि?'

'आता त्याने... हात.'

'हात काय? कोणाचा, कुठे? सूनबाई, लाजतेस काय, मला दिसत नाही गं. तू नीट सांगितलं नाहीस तर माझ्यासाठी ते झालंच नाही.'

मी वीणाकडे बघितलं. ती टीव्हीकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी घसा साफ केला आणि सांगायला लागले. म्हाताऱ्याने तरुणाचा हात हातात घेतला. आजूबाजूला बघून घेतला. तरुणाने सोडवला नाही. अंगठ्याने म्हातारा त्याची बोटं एकेक करून चाचपतोय, जुनी ओळख असल्यासारखी. हसतोय. नाही, पूर्ण नाही, हसायचं धाडस होत नाही त्याला. माझा आवाज कधी मोठा झाला मला कळलं नाही. पण गॅलरीचं दार उघडं होतं, आणि खालच्या मजल्यापर्यंत ते सगळं गेलं असणार. आत्याबाई डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर वीणाला म्हणाल्या, 'छान झालंय. फोकसही बरा वाटतोय.'

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. समोरच्या घरात दुसरी माणसं आली, चांगली आहेत, त्यांच्या दारात मोजक्या चपला असतात. मी एकटी काही बघायला बसले आणि पडद्यावर दोघं जवळ आले, की अजून माझे ओठ हलायला लागतात. कोणाचा हात, कुठे, कसा हसला. शेजारच्या खुर्चीतून 'आणि?' असं कोणी विचारत नाही. मी थोडं थांबते, आणि पुढचं सांगते.